एवढा मोठा तारा गेला कुठे?

प्रश्न : बाई, आमच्या सरांनी सांगितलं की सूर्याच्या वीस-पंचवीस पट वस्तुमानाचा तारा मेला की आकसत आकसत एका बिंदूत जातो आणि तिथे घनता अनंत होते. मी विचारलं, अनंत म्हणजे किती? सर म्हणाले, हे परीक्षेला नाही. पण वीस सूर्य एका बिंदूत मावतात कसे?
*– अकरावी विज्ञानची विद्यार्थिनी, परभणी*

उत्तर : परीक्षेला नाही हे खरंय, तेव्हा निवांत वाच.

पहिली गोष्ट, वीसच्या वीस सूर्य शेवटपर्यंत पोचतच नाहीत. असा तारा जन्मभर अंगावरचा वायू उधळत असतो, आणि मरताना स्फोट झालाच तर उरलेल्यातलाही बराचसा बाहेर फेकला जातो. खरी गोष्ट घडते ती गाभ्यात. हायड्रोजन संपायला ७०-८० लाख वर्षं लागतात. पुढे मात्र घाई सुरू होते. हेलियम काही लाख वर्षं पुरतो, कार्बन काही शतकं, ऑक्सिजन काही महिने आणि सिलिकॉन एखाद-दुसरा दिवस. हो, दिवस! सिलिकॉनचं लोखंड झालं की खेळ खलास, कारण लोखंडाची अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते.

आता गाभा साधारण पृथ्वीएवढा आहे आणि त्यात दीडएक सूर्याचा ऐवज भरलाय. त्याला सावरून धरलंय ते इलेक्ट्रॉनांच्या दाबाने. हा दाब साधारण १.४ सूर्यांपलीकडे पुरा पडत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली मुंबईहून इंग्लंडला जाताना बोटीवर आकडेमोड करून काढलं. तेव्हा ते १९ वर्षांचे होते, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत त्या काळचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी त्यांची सगळ्यांदेखत टर उडवली. ताऱ्याला असं वेड्यासारखं वागू न देणारा एखादा नियम निसर्गात असलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तसा नियम आजतागायत कुणाला सापडलेला नाही.

मर्यादा ओलांडली की पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत काही दशक किलोमीटरांवर येतो. गाभ्याचे बाहेरचे थर सेकंदाला ७० हजार किलोमीटरपर्यंत वेगाने आत येतात. हे नुसतं कागदावर नाही. २३ फेब्रुवारी १९८७ला मोठा मॅजेलॅनिक मेघ नावाच्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत एक तारा कोसळला, तेव्हा जपानमधल्या कामिओका खाणीतल्या पाण्याच्या टाकीत १२-१३ सेकंदांत ११ न्यूट्रिनोंची (कोसळत्या गाभ्यातून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची) नोंद झाली. ताऱ्याचा उजेड वाढला तो त्यानंतर काही तासांनी. म्हणजे गाभा कोसळल्याची खबर आधी आली आणि स्फोट नंतर दिसला.

गाभा इथे थांबला तर न्यूट्रॉन तारा होतो. पण त्यावर वरचा माल पडत राहिला आणि वस्तुमान दोन-सव्वादोन सूर्यांच्या पुढे गेलं, तर न्यूट्रॉनांचाही इलाज चालत नाही आणि कृष्णविवराकडे वाटचाल सुरू होते. इथे एक गंमत आहे, जी पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत. आपल्याला वाटतं, पुरेसा दाब असला की तारा वाचेल. पण आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात दाब स्वतःच गुरुत्वाकर्षण निर्माण करतो. म्हणजे ताऱ्याने जीव खाऊन दाब वाढवला, तर त्या दाबाचंच ओझं त्याच्या डोक्यावर येतं. एका टप्प्यानंतर प्रतिकार करणं म्हणजेच बुडणं वेगाने ओढवून घेणं.

मग पुढे काय? याचं अगदी सुरुवातीचं एक गणित कोलकात्याच्या बी. दत्त यांनी १९३८ साली एका जर्मन संशोधनपत्रिकेत छापलं. ते त्यानंतर लवकरच वारले. १९३९ साली अमेरिकेत रॉबर्ट ओपनहायमर आणि त्यांचा विद्यार्थी हार्टलंड स्नायडर यांनी त्याच धर्तीचं गणित ताऱ्यासाठी केलं. ते ज्या संशोधनपत्रिकेत छापून आलं तिचा तो अंक १ सप्टेंबरचा, म्हणजे हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या त्या दिवसाचा. त्याच अंकात नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांचा अणुविभाजनावरचा लेखही होता. पुढची काही वर्षं जगाचं लक्ष कोणत्या लेखाकडे गेलं, हे सांगायला नको. खुद्द ओपनहायमरही ताऱ्यांकडे परत वळले नाहीत.

या गणितातला तारा फार साधा होता : पूर्ण गोल, न फिरणारा, आत सगळीकडे सारखी घनता आणि दाब शून्य. असा गोळा सुटला की त्याचा प्रत्येक कण अचूक मध्यावर, अचूक एकाच क्षणी येऊन पोचतो. सगळं एका जागी आलं तर घनता अनंत निघणारच, त्यात नवल ते काय? तुझ्या सरांचा 'बिंदू' इथला आहे. आणि इथेच बऱ्याच जाणत्या लोकांनी नाक मुरडलं. खरा तारा काही इतका गोल नसतो. तो फिरतो, जरासा चपटा असतो, त्यात खळबळ असते. कण एकमेकांना चुकवून पलीकडे निघून जातील आणि तारा परत फुगेल, असं त्यांचं म्हणणं. १९६३ साली येवगेनी लिफशिट्झ आणि इसाक खलात्निकोव्ह या रशियन जोडीने तर गणिताने दाखवलं की सर्वसाधारण परिस्थितीत सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथे समीकरणं कोलमडतात तो शेवट, येतच नाही. पुढे १९७०च्या सुमारास त्यांनी ते मागे घेतलं.

या आक्षेपाची हवा काढणारं हत्यार तोवर छापूनही झालेलं होतं. कोलकात्यातच अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली एक समीकरण प्रसिद्ध केलं. शेजारशेजारच्या कणांचा एक झुबका घे. पुढे जाताना तो पसरेल की आवळेल, हे ते समीकरण सांगतं. त्यात चार गोष्टी येतात. झुबक्याची आधीपासून असलेली पसरण्याची किंवा आवळण्याची चाल, आतला द्रव्याचा ऐवज, झुबक्याचा आकार एका बाजूला ताणला जाणं आणि त्याचं गरगर फिरणं. यातलं फिरणं तेवढं आवळण्याला विरोध करतं. आणि ताणलं जाणं, म्हणजे ज्या वेडेवाकडेपणावर आक्षेपवाल्यांची सगळी भिस्त होती तो? समीकरणात तो वर्ग होऊन येतो, म्हणून त्याचं चिन्ह कधी बदलत नाही आणि तो नेहमी आवळायलाच मदत करतो! एम.एस्सी.ला असताना ते चिन्ह पाहून मी वहीच्या समासात दोन उद्गारचिन्हं काढली होती.

उरलं फिरणं. त्याचा बंदोबस्त ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोज यांनी केला. १९६४च्या शरद ऋतूत लंडनमध्ये ते सहकारी आयव्हर रॉबिन्सन यांच्याबरोबर गप्पा मारत चालले होते. रस्ता ओलांडताना बोलणं थांबलं, पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू झालं. रॉबिन्सन गेल्यावर पेनरोज यांना उगाचच फार आनंद झाल्यासारखं वाटत राहिलं आणि कारण काही सापडेना. दिवसभरातली एकेक गोष्ट आठवत गेल्यावर सापडलं : रस्ता ओलांडताना डोक्यात एक कल्पना येऊन गेली होती आणि गप्पांत निसटली होती.

ती कल्पना अशी. कुठलाही बंद पृष्ठभाग घे आणि त्यावरून एकाच क्षणी दोन्हीकडे प्रकाश सोड. आत सोडलेल्या प्रकाशाचं कवच लहान होत जाणार आणि बाहेर सोडलेल्याचं मोठं, हे नेहमीचं. पण वस्तुमान पुरेसं आवळलं असेल, तर बाहेर सोडलेल्या प्रकाशाचं कवचही लहान होत जातं. याला म्हणतात ट्रॅप्ड सरफेस. पृष्ठभागावरून काटकोनात सुटलेल्या या किरणांच्या झुबक्याला गरगर फिरणं नसतंच, त्यामुळे विरोध करणारी बाजूच नाहीशी होते. तारा थोडा चपटा असला, वाकडा असला, खदखदत असला तरी ट्रॅप्ड सरफेस तयार होतोच. आणि एकदा तो झाला की परतीची वाट बंद. जानेवारी १९६५ मध्ये हे सगळं तीन पानांत छापून आलं. याच कामासाठी २०२० सालचं अर्धं नोबेल पेनरोज यांना मिळालं.

आता तुझ्या 'अनंत म्हणजे किती'कडे येते. पेनरोज यांच्या प्रमेयात 'घनता अनंत' असं कुठेही लिहिलेलं नाही. तिथे सिद्ध होतं ते एवढंच की आत गेलेल्या निदान एका प्रकाशकिरणाचा मार्ग ठरावीक अंतरावर संपतो. पुढे वाट नाही. अमुक ठिकाणी काय आहे, कसं दिसतं, बिंदू आहे की आणखी काही, याबद्दल ते प्रमेय चकार शब्द काढत नाही. म्हणून 'तिथे अनंत घनतेचा एक बिंदू बसलाय' असं कुणी ठासून सांगितलं, तर तो दत्त-ओपनहायमर-स्नायडर यांच्या गोल गुळगुळीत ताऱ्याबद्दल बोलतोय असं समज. खऱ्या ताऱ्याबद्दल इतकंच म्हणता येतं की आइन्स्टाइनची समीकरणं त्या टप्प्यापुढे उत्तर देत नाहीत. अनंत ही मोजून आलेली संख्या नाहीच. गणितात भागाकाराखाली शून्य आलं की आपण उत्तर लिहीत नाही, कुठे गडबड झाली ते शोधतो. इथली गडबड बहुधा अशी की इतक्या लहान जागेत पुंजवाद (अणूंच्या जगाचे नियम, क्वांटम भौतिकी) विसरून चालत नाही, आणि पुंजवाद व गुरुत्वाकर्षण एकत्र मांडणारा पक्का सिद्धांत अजून हातात नाही.

आणि 'मध्यभागी' हा शब्दही डोक्यातून काढून टाक. कृष्णविवराच्या घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परत येत नाही त्या हद्दीच्या, आत शिरलं की 'आत' ही जागेची दिशा राहत नाही, ती काळाची होते. डावीकडे वळून जसा सोमवार चुकवता येत नाही, तशी सिंग्युलॅरिटीही चुकवता येत नाही. ती तुमच्या समोर नसते, पुढे येणार असते. किती वेळाने, तेही काढता येतं. न फिरणारं, १० सूर्यांचं कृष्णविवर घे. त्याची त्रिज्या ३० किलोमीटर. क्षितिज ओलांडल्यापासून शेवटापर्यंत जास्तीत जास्त वेळ मिळेल तो सेकंदाच्या साडेसहा हजाराव्या भागाएवढा. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर ४० लाख सूर्यांहून जास्त भरतं, तिथे मिनिटभर मिळेल. एम ८७ दीर्घिकेतल्या साडेसहाशे कोटी सूर्यांच्या कृष्णविवरात सव्वा दिवस. त्याचं वस्तुमान क्षितिजाच्या आतल्या जागेत सारखं वाटलं असं मानलं, तर घनता आपल्या हवेपेक्षाही कमी निघते. तेव्हा कृष्णविवर म्हणजे भयंकर घट्ट पदार्थ, ही समजूतही सोडून दे.

सरांना हे सगळं दाखव, पण भांडू नकोस. अकरावीला त्यांनी सांगितलं तेवढं पुष्कळ आहे.

प्रश्न : आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की मृग नक्षत्रातला तांबडा तारा फुटणार, त्याचं कृष्णविवर होणार आणि ते पृथ्वीला खेचून घेणार. मी भाबडा नाही, पण उत्तर द्यायला शब्द सापडेनात.
*– निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी*

उत्तर : काका, तो तारा म्हणजे काक्षी, पंचांगातली आर्द्रा. तो फुटणार हे खरं, पण येत्या लाखभर वर्षांत कधीतरी. २०१९ची अखेर आणि २०२०ची सुरुवात या काळात तो अचानक मंदावला होता, त्यातून हे मेसेज सुरू झाले. ते मंदावणं त्याने स्वतःच उधळलेल्या धुळीचं होतं. शिवाय त्याचं वस्तुमान पाहता, मागे न्यूट्रॉन तारा उरण्याचीच शक्यता जास्त.

आणि समजा झालं कृष्णविवर, तरी खेचणार काय? वस्तुमान वाढत नाही, उलट स्फोटात घटतं. आज तो आपल्याला ओढत नाही, उद्या तरी का ओढेल? आपल्या सूर्याच्याच जागी तेवढ्याच वस्तुमानाचं, ३ किलोमीटर त्रिज्येचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी होती त्याच कक्षेत फिरत राहील. थंडीने मरू, ती गोष्ट वेगळी. हे चार ओळींत टाका ग्रुपवर. कुणी ऐकणार नाही, पण टाका.

प्रश्न : रायचौधुरींचं समीकरण वापरून पेनरोज नोबेल घेऊन गेले. भारतीय म्हणून आपल्या माणसाला डावललं, असं तुम्हाला वाटत नाही का?
*– संगणक अभियंता, पिंपरी-चिंचवड*

उत्तर : नाही वाटत. रायचौधुरी २००५ साली वारले आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. त्यांचं समीकरण विश्वाच्या प्रसरणाच्या प्रश्नातून आलं होतं. त्यावरून ट्रॅप्ड सरफेसपर्यंत जाणारी उडी पेनरोज यांचीच. आणि जगभर त्याला 'रायचौधुरी समीकरण' असंच म्हणतात. नाव लपवलेलं कुठे आहे?

तुम्हाला राग यायचाच असेल तर दत्तांसाठी येऊ द्या. ओपनहायमर यांच्या एक वर्ष आधी छापून आलेलं काम, पण आपल्याकडच्या पदवीच्या वर्गातही त्यांचं नाव कुणी घेत नाही. आणखी एक गोष्ट, कोल्हापूरकर म्हणून सांगते, नाहीतर माझं पोट दुखेल. आमच्या गावात जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर (जयंतरावांचे वडील) बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. त्यांच्या हाताखाली काम करताना प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश फेकत असलेल्या ताऱ्याभोवतीच्या अवकाश-काळाचं सूत्र मांडलं. त्याआधीचं नेहमीचं सूत्र फक्त अंधाऱ्या ताऱ्याला लागू होतं, आणि कोसळणारा तारा अंधारा कुठे असतो? ते 'वैद्य मेट्रिक' आजही रोज वापरात आहे.

प्रश्न : सिंग्युलॅरिटी नेहमी कृष्णविवराच्या आडच असते का? उघडी कधीच दिसणार नाही?
*– एम.एस्सी. भाग २, फोंडा (गोवा)*

उत्तर : 'नेहमी आडच असते' हा पेनरोज यांचा १९६९ सालचा अंदाज. तो सिद्ध झालेला नाही, आणि लोक हे विसरतात. कोसळणाऱ्या ढगाची घनता सगळीकडे सारखी धरली तर क्षितिज आधी तयार होतं आणि सगळं झाकलं जातं. मध्याशी दाट आणि कडेला विरळ धरली, तर काही परिस्थितींत मध्य आधी संपतो, क्षितिजाला उशीर होतो आणि तिथून निघालेला प्रकाश बाहेर सुटू शकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९३ सालचा जोशी आणि द्विवेदी यांचा लेख वाचा. तुमच्या पातळीला तो झेपेल. माझं मत विचाराल तर, दाब शून्य धरून काढलेल्या उत्तरांवर मी फार पैसे लावणार नाही. पण 'असं होऊच शकत नाही' म्हणणाऱ्यांवर त्याहून कमी लावीन.

पैसे लावण्यावरून आठवलं. स्टीफन हॉकिंग यांनी १९९१ साली किप थॉर्न आणि जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज मारली होती की उघडी (इंग्रजीत 'नेकेड', म्हणजे नग्न) सिंग्युलॅरिटी निसर्गात संभवत नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला नग्नता झाकायला कपडे द्यायचे, आणि त्या कपड्यांवर हार कबूल केल्याचा मजकूर हवा, अशी अट होती. मॅथ्यू चॉप्टुइक यांनी संगणकावर अतिशय काटेकोर जुळवाजुळव करून तशी स्थिती दाखवल्यावर १९९७ साली हॉकिंग यांनी टी-शर्ट दिले. पण वर लिहिलं, निसर्गाला उघडी सिंग्युलॅरिटी आवडत नाही! अशी हार मानायला हॉकिंगच हवेत.

प्रश्न : आमच्याकडे लायगो येतंय. त्यात हे तारे कोसळताना दिसतील का? आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरने ते यंत्र बिघडतं असं म्हणतात, ते खरं का?
*– शेतकरी, औंढा नागनाथ (जि. हिंगोली)*

उत्तर : दादा, सिंग्युलॅरिटी दिसणार नाही. लायगो ही गुरुत्वीय तरंग टिपणारी वेधशाळा. ती पकडते ते मुख्यतः दोन कृष्णविवरं किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतानाचे तरंग. १४ सप्टेंबर २०१५ला असे तरंग पहिल्यांदा सापडले. ३६ आणि २९ सूर्यांची दोन कृष्णविवरं मिळून ६२ सूर्यांचं एक झालं आणि उरलेल्या ३ सूर्यांची ऊर्जा तरंगांतून निघून गेली. एकटा तारा कोसळताना उठणारे तरंग फार दुबळे असतात. तसा तारा आपल्याच आकाशगंगेत कोसळला तरच आशा. आवाज न करता नाहीसे झालेले तारे दुर्बिणीतूनच शोधावे लागतात. दोन कोटी प्रकाशवर्षांहून दूर असलेल्या एनजीसी ६९४६ दीर्घिकेतला २५ सूर्यांचा एक तारा २००९ साली थोडा उजळला आणि मग दृश्य प्रकाशात दिसेनासाच झाला. तो स्फोटाविना कृष्णविवर झाला, असा एका गटाचा दावा आहे. वेब दुर्बिणीला तिथे अवरक्त प्रकाशात काहीतरी सापडल्यापासून त्यावर वाद चालू आहे.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर यंत्र बिघडत नाही, पण नोंदीत गोंधळ होतो. चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या चारशेव्या भागाएवढा फरक मोजायचा असतो, मग जमिनीचा जरासा हादराही चालत नाही. अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला आसपासच्या जंगलातली लाकूडतोड आणि रेल्वे त्रास देतात. आरसे म्हणूनच चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले असतात. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पाला मंजुरी दिली. जागा निवडताना जमीन किती शांत आहे, हे आधी मोजलेलं आहे. तुमचा ट्रॅक्टर शेतात खुशाल चालवा, फक्त वेधशाळेच्या कुंपणालगत नको.